ताहिर अबू झैद : एक फ्री किक, सात महिन्यांचं मंत्रिपद आणि स्वतःच्याच क्लबशी भांडण

नाईलकाठी

मंडळी, सालाह सोडून एका इजिप्शियन फुटबॉलपटूचं नाव सांगा म्हटलं तर आपल्यातले बरेच जण अडखळतील. मीही अडखळलो असतो. पण कुवेतला अकरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर कैरोच्या शुब्रा भागातला एक अकाउंटंट बसायचा. त्याच्या धर्माचा रकाना भरायचा झाला तर आधी ‘अहलावी’ लिहावं लागेल. अहलावी म्हणजे अल अहली क्लबचा माणूस. ‘चाहता’ हा शब्द त्याला पुरत नाही.

एकदा कँटीनमध्ये त्याने साखरेचे पाच चौकोनी खडे एका रांगेत उभे केले. मागे मिठाची बाटली. ‘ही मोरोक्कोची भिंत, हा गोलकीपर बादू झाकी.’ मग एक भाजका शेंगदाणा ठेवला आणि उजव्या हाताने टिचकी मारणार तेवढ्यात थांबला. ‘नाही, नाही, ताहिर डावखुरा होता.’ असं म्हणून डाव्या हाताने टिचकी मारली. शेंगदाणा खड्यांवरून उडून माझ्या आमटीत पडला. त्याने दोन्ही हात वर केले. शेजारच्या टेबलावरचे दोन इजिप्शियन काहीही न विचारता हसले. कुठला गोल ते त्यांना सांगावं लागलं नाही.

तो गोल मार्च १९८६ चा, आफ्रिकन नेशन्स कपच्या उपांत्य सामन्यातला. स्पर्धा इजिप्तमध्येच होती, पण सुरुवात अशी की कुणीही म्हणावं, घाला ती गुंडाळून. स्पर्धेच्या जेमतेम दहा दिवस आधी, फेब्रुवारीच्या शेवटी, केंद्रीय सुरक्षा दलाच्या शिपायांनी बंड केलं. सक्तीच्या नोकरीची तीन वर्षं आता चार होणार अशी अफवा पसरली आणि पिरॅमिडकडे जाणाऱ्या रस्त्यावरची हॉटेलं पेटवली गेली. सैन्य उतरलं, संचारबंदी लागली. ७ मार्चला पहिला सामना झाला, त्यात यजमान सेनेगलकडून ०-१ ने हरले. मग आयव्हरी कोस्ट आणि मोझांबिकला प्रत्येकी २-० ने हरवून गाडी रुळावर आली आणि उपांत्य सामन्यात समोर मोरोक्को.

मोरोक्को म्हणजे साधं काम नव्हतं. आदल्याच वर्षी विश्वचषकाच्या पात्रता फेरीत त्यांनी इजिप्तला बाहेर काढलं होतं. पुढे जूनमध्ये मेक्सिकोत इंग्लंड, पोलंड आणि पोर्तुगालच्या गटात हेच मोरोक्को पहिलं आलं. गोलमध्ये झाकी, त्या वर्षीचा आफ्रिकेतला सर्वोत्तम खेळाडू. ७९ मिनिटं गोल नाही. मग फ्री किक, ताहिरचा डावा पाय आणि १-० ने सामना खिशात. अंतिम सामन्यात कॅमेरूनशी ०-० बरोबरी होऊन पेनल्टीवर ५-४ ने कप कैरोतच राहिला.

तेव्हा ताहिर अबू झैद २३ वर्षांचा होता. जन्म १९६२, क्लब फक्त अहली, टोपणनाव ‘नाईलचा मॅराडोना’. १९८४ च्या आफ्रिकन नेशन्स कपमध्ये इजिप्त चौथा आला, पण चार गोल करून सर्वाधिक गोल याचेच. अहलीने १९८२ आणि १९८७ चा आफ्रिकन चॅम्पियन्स कप जिंकला, मध्ये १९८४, ८५, ८६ असा कप विनर्स कप लागोपाठ तीनदा. त्या सगळ्या काळात हा मधल्या फळीत होता. १९९० च्या इटलीतल्या विश्वचषकाच्या संघातही होता. पुढे टीव्हीवर दिसायला लागला.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. मला लिहायचंय ते पुढचं.

जुलै २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोर्सींचं सरकार गेलं. हाझिम अल बबलावी यांच्या हंगामी मंत्रिमंडळात ताहिर अबू झैद क्रीडामंत्री झाला. सहाच महिन्यांनी, जानेवारी २०१४ मध्ये, नव्या राज्यघटनेवरचं सार्वमत होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा, त्याने एक आदेश काढला. अल अहलीचं संचालक मंडळ बरखास्त. होय, त्याच्याच अहलीचं! जुना गोलकीपर आदिल हैकल याच्याकडे तात्पुरता कारभार दिला. आदेशाची शाई वाळायच्या आत पंतप्रधानांनी स्थगिती दिली. मंत्री तोंडावर आपटला. फेब्रुवारीच्या अखेरीस सगळ्या मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला आणि नव्या मंत्रिमंडळात त्याला जागा मिळाली नाही.

माझा मित्र, तो साखरेच्या खड्यांचा, त्या दिवशी ऑफिसात आला आणि ‘खायन’ एवढंच बोलला. गद्दार. ज्याच्या नावाने आमटीत शेंगदाणे पाडले त्यालाच.

मला मात्र वाटतं की त्या आदेशामागचा मुद्दा बरोबर होता, फक्त आदेश काढायला हा माणूस सगळ्यात चुकीचा होता. तुमचं काय मत?

चहाटळ

पहिला मी! आमटीत शेंगदाणा पडला म्हणजे आमटीचा दर्जा सुधारला असणार. बाकी लेख वाचून परत येतो.

अर्धविराम

छान धागा. एक शंका. मंत्र्याला क्लबचं मंडळ बरखास्त करता येतं कसं? आपल्याकडे उद्या क्रीडामंत्री उठून मोहन बागानची कमिटी घालवायला निघाले तर कोलकात्यात काय होईल, कल्पना करवत नाही.

नाईलकाठी

@अर्धविराम, अहली ही कंपनी नाही, सभासदांची संस्था आहे. स्थापना १९०७. पुण्यामुंबईतले जिमखाने डोळ्यासमोर आणा आणि आकार कैक पटींनी वाढवा. पोहण्याचा तलाव, टेनिस कोर्ट, मुलांचे वर्ग, कँटीन. फुटबॉल हे त्या संस्थेचं एक अंग. सर्वसाधारण सभा मंडळ निवडते आणि अशा संस्था क्रीडा खात्याच्या नियमांखाली चालतात. आपल्याकडे धर्मादाय आयुक्त प्रशासक नेमतात ना, त्यातला प्रकार. इतिहासात असं बऱ्याचदा झालंय. पण अहलीसारख्या क्लबवर, तेही माजी खेळाडूने, म्हणून खळबळ.

वकिली_बाणा

मुद्दा बरोबर होता म्हणता, तर तो नीट मांडायला हवा. अध्यक्ष हसन हमदी, तोही अहलीचा माजी खेळाडू. आधीचे अध्यक्ष सालेह सलीम २००२ मध्ये वारले तेव्हापासून खुर्चीवर. इजिप्तमध्ये ‘आठ वर्षांची अट’ म्हणून एक नियम बराच गाजला. सलग दोन मुदतींनंतर मंडळावरून उतरायचं. या मंडळाची मुदत २०१३ मध्ये उलटून गेली होती आणि निवडणूक काही होत नव्हती. आता उशीर क्लबमुळे की सरकारच्या रोज बदलणाऱ्या नियमांमुळे, यावर दोन्ही बाजूंचे लोक तावातावाने भांडतील. पण मुदत संपलेलं मंडळ कारभार करत होतं ही वस्तुस्थिती.

दुसरी बाजूही तितकीच खरी. खेळाच्या संस्थेत सरकारने हात घातला की फिफा आणि ऑलिंपिक समिती डोळे वटारतात. त्या वर्षी ऑलिंपिक समितीने इजिप्तला नव्या नियमांवरून इशारा दिलाच होता. म्हणजे मंत्रिमहोदयांनी असा मुहूर्त निवडला की आदेश टिकला असता तर कदाचित देशाच्याच गळ्याशी आला असता. पंतप्रधानांनी स्थगिती दिली ती अहलीच्या प्रेमापोटी दिली असं मला वाटत नाही. रस्त्यावर आधीच काय कमी होतं, त्यात लाखो अहलावी आणखी कशाला, हा साधा हिशेब.

डिचोलीकर

वकिलांना +१. आमच्या गोंयकारांना हे सगळं ऐकून दुसरीच आठवण येते मरे.

ऑगस्ट २०२२. भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल, आमच्या नाही तुमच्या गोंदियाचे. मुदत डिसेंबर २०२० ला संपलेली, तरी खुर्ची काही सुटत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकांची समिती नेमली. म्हणजे मुद्दा बरोबर. आणि फिफाने काय केलं? १५ ऑगस्टला, बरोब्बर स्वातंत्र्यदिनी, भारतालाच निलंबित केलं! त्रयस्थांचा हस्तक्षेप म्हणे. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक मडगाव, नवी मुंबई आणि भुवनेश्वरला ठरलेला. अकरा दिवस आमच्या पोटात गोळा. २६ ला निलंबन उठलं, समिती गेली, निवडणूक झाली. कल्याण चौबे ३३, बायचुंग भूतिया १. चौबे माजी गोलकीपर आणि राजकारणी, बायचुंग माजी कप्तान. दोन खेळाडू समोरासमोर, पण मतं देणारे राज्य संघटनांचे लोक.

खेळाडू आला की कारभार सुधारतो, हे कुणी सांगितलं? बायचुंगला एक मत पडलं. एक!

रेघोट्या

अवांतर : मुदत संपली तरी खुर्ची न सोडणं हा अखिल मानवजातीचा खेळ आहे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी चौदा वर्षं आहेत. कुणी आदेश काढणारं असेल तर कळवा.

वकिली_बाणा

@रेघोट्या, सहकार खात्याकडे अर्ज करा. मग ‘खायन’ म्हणून घ्यायची तयारी ठेवा.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

धागाकर्त्याने एक महत्त्वाची गोष्ट लिहिली नाही, की मुद्दाम हातची राखली? बरखास्त केलेल्या मंडळाचा उपाध्यक्ष कोण होता?

महमूद अल खतीब. ‘बीबो’. १९८३ चा आफ्रिकेतला सर्वोत्तम खेळाडू. ताहिरचा अहलीतला सहकारी, १९८६ च्या त्याच कपविजेत्या संघातला. म्हणजे नाईलच्या मॅराडोनाने ज्यांना घरी पाठवायचा आदेश काढला त्यात त्याच्याच पिढीचा देव होता. तुमच्या मित्राच्या तोंडून ‘खायन’ का निघालं ते यात आहे. हसन हमदीवर अर्ध्या क्लबचा राग असेलही, पण बीबोला हात लावायचा नाही.

पुढची गंमत पाहा. स्थगिती मिळाली, पण मंडळ टिकलं का? मार्च २०१४ च्या शेवटी क्लबची निवडणूक झाली. सभासदांनी महमूद ताहेर या उद्योजकाला निवडून दिलं. जुनी मंडळी गेली. जे मंत्र्याला आदेशाने जमलं नाही ते दोन महिन्यांत मतपेटीने झालं. आणि २०१७ च्या शेवटी त्याच महमूद ताहेरला हरवून बीबो अध्यक्ष झाला. मतांनीच.

नाईलकाठी

@कोपऱ्यातला_प्रेक्षक, दंडवत. हातची राखली नव्हती, खरंच सुटली. आणि नेमकी तीच सुटावी! तुमचा प्रतिसाद वाचून मूळ लेखातलं शेवटचं वाक्य थोडं बदलायला हवं असं वाटतंय. माणूस चुकीचा होता म्हणालो मी. पण रस्ताही चुकीचा होता, आणि तो रस्ता त्याने का धरला हे मला अजून नीट उमगत नाही. निवडणूक दारात आली होती. सभासदांचा कौल कुठे चाललाय हे क्लबात वाढलेल्या माणसाला कळत नसेल?

शेवंती

मला फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, पण नवरा सहा वर्षं अलेक्झांड्रियात होता म्हणून त्या काळातलं थोडं आठवतं. २०१३-१४ मध्ये फुटबॉल आणि राजकारण वेगळं काढणं शक्यच नव्हतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये पोर्ट सईदच्या स्टेडियममध्ये सत्तरहून जास्त अहली समर्थक मेले. त्यानंतर लीगचे सामने रिकाम्या स्टेडियममध्ये. आमच्या खालच्या कॉफीवाल्याकडे टीव्ही चालू असायचा आणि सामन्याचा आवाज यायचा तो फक्त खेळाडूंच्या ओरडण्याचा आणि चेंडूच्या ठोक्यांचा. प्रेक्षकांच्या आवाजाशिवाय फुटबॉल किती भकास वाटतो ते तेव्हा कळलं.

अशा वेळी क्रीडामंत्री होणं म्हणजे मानाचं पद नव्हतं. जळत्या घराची किल्ली हातात देण्यासारखं होतं.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

@शेवंती, खरंय. त्या सात महिन्यांत काय काय झालं बघा. १५ ऑक्टोबर २०१३, बकरी ईदचा दिवस. घानामध्ये कुमासीला विश्वचषक पात्रतेच्या निर्णायक फेरीचा पहिला सामना, इजिप्त १-६ ने हरलं. सणाच्या दिवशी सहा गोल! परतीच्या सामन्यात २-१ ने जिंकले, पण त्याचा काय उपयोग.

मग १० नोव्हेंबरला अहलीने दक्षिण आफ्रिकेच्या ऑर्लँडो पायरेट्सला हरवून आफ्रिकन चॅम्पियन्स लीग जिंकली. पहिला गोल अबूत्रिकाचा, दुसरा अब्देल झाहेरचा. झाहेरने गोल केल्यावर चार बोटं वर केली. ती राबियाची खूण, ऑगस्टमध्ये राबिया चौकात मारल्या गेलेल्या मोर्सी समर्थकांची आठवण. क्लबने त्याला निलंबित करून विकायला काढलं. आणि अबूत्रिका? पदकं द्यायला क्रीडामंत्री उभे होते. अबूत्रिका पदक घ्यायला त्यांच्यासमोर गेलाच नाही. त्यालाही दंड झाला.

म्हणजे विचार करा, अहलीचा जुना मॅराडोना पदकं घेऊन उभा आणि अहलीचा नवा देव त्याच्यासमोर यायला तयार नाही. मला त्या सात महिन्यांतलं हेच चित्र जास्त लागतं. बरखास्तीच्या आदेशापेक्षाही.

चहाटळ

परत आलो, वाचलं. आता सिरियस होऊन विचारतो. तिथे खेळाडू राजकारणात जाण्याची पद्धत आहे का, की हा एकटाच?

नाईलकाठी

@चहाटळ, एकटा नाही. अहमद शोबेर घ्या, १९९० च्या विश्वचषकातला गोलकीपर, तोही अहलीचा. फुटबॉल संघटनेचा उपाध्यक्ष झाला, २००५ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुबारक यांच्या पक्षाकडून तांतामधून संसदेत गेला, शिवाय टीव्हीवरचा मोठा निवेदक. तिथे ही तिन्ही कामं एकाच माणसाने करणं कुणाला खटकत नाही. स्टुडिओ, संघटना आणि संसद एकाच गल्लीतली दुकानं असल्यासारखी.

आणि मग्दी अब्देलघनी! १९९० मध्ये नेदरलँड्सविरुद्ध पालेर्मोत ८३ व्या मिनिटाला पेनल्टीवर गोल. सामना १-१. पुढे हाही संघटनेच्या मंडळावर. पण त्याची खरी कीर्ती म्हणजे त्या गोलची आठवण लोकांना करून देणं. २०१८ मध्ये सालाहने रशियाविरुद्ध गोल करेपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, विश्वचषकातला इजिप्तचा शेवटचा गोल याचाच होता आणि इजिप्तमध्ये त्यावर विनोदांचा कारखाना चालत असे. माझा मित्र म्हणायचा, मग्दीच्या घरी पाहुणे गेले की चहाच्या आधी पेनल्टी येते.

अर्धविराम

हा हा! आमच्याकडे एक काका आहेत, १९८३ चा लॉर्ड्स सामना प्रत्यक्ष पाहिलेले. तसंच.

पण मूळ प्रश्नाकडे येतो. धागाकर्ते ताहिरवर जरा कठोर होताहेत असं मला वाटतं. खतीब निवडून आला, कारण खतीब सगळ्यांशी जमवून घेत, उपाध्यक्षपदावर थांबून, योग्य वेळी उभा राहिला. ताहिरचा पिंडच वेगळा दिसतो. ७९ व्या मिनिटाला पेनल्टी क्षेत्राबाहेरून थेट गोलवर मारणारा माणूस पास देत बसत नाही.

वकिली_बाणा

@अर्धविराम, खेळावरून स्वभाव आणि स्वभावावरून सरकारी आदेश, ही साखळी कोर्टात टिकायची नाही. फ्री किकला समोरची भिंत नियमाने नऊ मीटर लांब उभी असते. मंत्रालयात भिंत तुमच्या खुर्चीच्या मागेच असते, आणि इथे ती पंतप्रधानांच्या रूपात होती. मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता असा आदेश काढणं ही धडाडी नाही, कच्चा गृहपाठ आहे.

डिचोलीकर

भिंत खुर्चीच्या मागे! वकीलसाहेब, हे मी चोरणार.

पण अर्धविरामांच्या बाजूने एक बोलतो. आमच्या गावच्या एका क्लबात, नाव नको, मी तीन वर्षं कमिटीवर होतो. पावसाळ्यानंतर मैदानावर रोलर फिरवायचा ठराव करायला मला दोन सभा लागल्या, आणि कँटीनमधल्या भज्यांच्या दरावर तीन. खेळलेल्या माणसाचा जीव अशा सभांत गुदमरतो. समोर गोल दिसत असतो आणि लोक मिनिटबुकावर सही कुणाची यावर भांडत असतात. हातात अधिकार आला तर मीही एखादा आदेश काढला असता, आणि मीही आपटलो असतो. त्याचं समर्थन नाही करत. पण कळतं.

शेवंती

आणि जुनं वैर? क्लबातल्या गटातटांचं काहीच नसेल?

नाईलकाठी

@शेवंती, हमदीच्या कारभारावर ताहिरची नाराजी मंत्री व्हायच्या आधीपासूनची, असं तिथले लोक बोलायचे. म्हणूनच लिहिलं की माणूस चुकीचा होता. आदेश कायद्याला धरून असता तरी वाचणाऱ्याला त्यात हिशेब चुकता केल्याचाच वास आला असता. एखाद्या झमालेकवाल्या, म्हणजे अहलीच्या कट्टर प्रतिस्पर्धी क्लबच्या, मंत्र्याने काढला असता तर दंगल झाली असती. कुठल्याच क्लबचा नसलेल्या कोरड्या सरकारी अधिकाऱ्याने काढला असता तर कदाचित... पण कुठल्याच क्लबचा नसलेला माणूस कैरोत शोधणार कुठे?

डिचोलीकर, भज्यांवरून एक आठवलं. माझ्या मित्राचे वडील अहलीचे सभासद. मार्च २०१४ च्या निवडणुकीत म्हातारा गुडघ्याला पट्टा बांधून रांगेत उभा राहिला. मित्राने कुवेतहून फोन केला, भलताच भावुक होऊन. म्हणाला, बाबा, क्लबच्या इतिहासातलं मत देताय, कुणाला दिलंत? जुन्यांना शिक्षा केलीत की ताहिरला उत्तर दिलंत?

म्हातारा म्हणाला, ‘कसला ताहिर? तलावाचं पाणी दोन वर्षं गार आहे, तुझ्या आईला पोहता येत नाही.’

चहाटळ

वाचनखूण साठवली. आणि आमटीचं काय झालं, शेंगदाणा काढलात की खाल्लात?

नाईलकाठी

खाल्ला. खारा होता.